नारूचा उन्हाळा

नारू माझ्याच हातात तुटला. आवाज झाला नाही. ओल्या सुताचा धागा तुटावा तसा तुटला. काडीला गुंडाळलेला तुकडा माझ्याकडे राहिला आणि उरलेला नारू सरकन मडमच्या घोट्यात परत गेला. मडमनं डोळे मिटले. तिच्या भाषेत दोन शब्द बोलली, मग मराठीत विचारलं, "चंद्राबाई, काय झाले?"

काय झालं ते तिला दिसत होतं. मी काडी पुढं केली. तंबू चिंचेखाली होता तरी कापड तव्यासारखं तापलं होतं. वैशाखातली दुपार होती.

नारू तुटला की माणूस जातो, असं आमच्याकडे म्हणायचे. प्रत्येक जण जात नसे. पण आमच्या गल्लीतला एक धडधाकट गडी त्यानं गेलेला मी पाहिला होता. आधी घोटा सुजला, मग गुडघा, मग जांघ. आठव्या दिवशी त्याला बाजेवरून उचलला. तोच गडी माझ्या डोळ्यांपुढं आला.

आताच्या पोरांना नारू माहीत नाही. नाही तेच बरं. पण माहीत नसेल तर पुढचं कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्या गावच्या बारवेला पायऱ्या होत्या. माणसं पायऱ्या उतरून, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून घागर भरायची. ज्याच्या पायाला नारू त्याचाही पाय त्याच पाण्यात. नारूची पिल्लं पाण्यात सुटायची, डोळ्यांना दिसायची नाहीत. ते पाणी प्यालं की वर्षभर काही होत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पायाला फोड येतो, निखारा ठेवल्यासारखी आग होते, फोड फुटला की आतून पांढरा दोरा डोकावतो. दीड हात, दोन हात लांब. त्याचं टोक काडीला बांधायचं आणि रोज एक बोट, फक्त एक बोट, गुंडाळायचं. वीस दिवस लागतात, महिनाही लागतो. घाई करायची नाही.

मी घाई केली.

आता मी लातूरला भाच्याकडे राहते. उन्हाळा लागला की नळाला दिवसाआड पाणी, नाहीतर टँकर. गेल्या आठवड्यात नातसुनेनं नळाला बांधलेलं माझं फडकं सोडून धुवायला टाकलं. म्हणाली, "आजी, मशीन बसवलंय की गाळायचं. हे पोतेरं कशाला?"

मी म्हणाले, "पोतेरं न्हाई ते. धुतलेलं धोतर हाय, चार पदरी."

"मशीनमधून तर जंतूपण जात नाहीत."

"मशीनला लाईट लागते. फडक्याला लागत न्हाई."

ती हसली आणि फडकं वाळल्यावर तिनंच परत बांधलं. पोरगी बरी आहे. चार पदरी का, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मडमचं नाव सांगावं लागलं असतं, आणि मग हे सगळंच.

माझं गाव मुखेडच्या अलीकडचं. निजामाचं राज्य होतं. शाळेत चौथीपर्यंत गेले, तेही गावात शिकवणारे मास्तर होते म्हणून. पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी नवरा गेला, बापाच्या घरी परत आले. रडून झालं होतं. काम करायचं आणि गप्प राहायचं एवढंच उरलं होतं. त्या उन्हाळ्यात बापाच्या दोन्ही पायांना नारू होते. गावात निम्मी माणसं बाजेवर पडलेली. शेतं नांगरायची राहिली होती. आणि त्यात एका सकाळी बैलगाडीतून एक गोरी बाई उतरली.

तिला सगळे मडम म्हणायचे. डॉक्टरीण नव्हती, नर्स होती, मिशनची. सहा महिने बोटीत आणि आगगाडीत आणि पुस्तकात घालवून आली होती, असं ती म्हणायची. तिचं मराठी पुस्तकातलं होतं. "कृपा करून पाणी गाळून घ्यावे," असं बोलायची. बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. ती सगळ्यांना तुम्ही म्हणायची. तंबूत कुत्रं शिरलं तर त्यालाही, "तुम्ही बाहेर जा." मला चंद्राबाई म्हणायची. गावात मी चंद्री होते, आणि नवरा गेल्यापासून काहींच्या तोंडी त्याहून वाईट होते. मडमनं पहिल्या दिवशी चंद्राबाई म्हटलं तेव्हा मी मागं वळून पाहिलं, कोण उभी आहे म्हणून.

बापाचे पाय तिनं धुतले, पट्ट्या बांधल्या. मला लिहिता येतं हे कळल्यावर म्हणाली, माझ्याबरोबर हिंडा, माणसांची नावं लिहा. बापानं बराच विचार केला. मग म्हणाला, "जा. पन तिच्या हातचं खाऊ नको. आनि तिचा देव घरी आनू नको."

मी दोन्ही पाळलं. तिच्या देवाचं ती सांगायची, मी ऐकायची. गोष्टी चांगल्या होत्या. पण बापाचं म्हणणं वेगळंच होतं. बाजेवर पडल्या पडल्या म्हणायचा, "आपला देव कमरेवर हात ठिवून एका जागी उभा हाय. हिचा देव हिलाच उन्हातान्हात पळवून राहिला. कोनाचा बरा?"

मी हे मडमला सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तिचे हाल कमी नव्हते, हेही लिहिलं पाहिजे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल गोरी बाई म्हणजे मजेत. तिची कातडी उन्हानं सोलून निघायची. परसाकडे जायचं तर पहाटे अंधारात, आणि तिथंही पोरं लपून बघायला यायची. तंबूत विंचू निघायचे. काही घरांनी तिला ओट्यावर चढू दिलं नाही. एका घरात तिनं दारातून आत पाऊल टाकलं तर ती गेल्यावर घरधनिणीनं ओटा शेणानं सारवला, तिच्या देखत. घरचं पत्र तीन-तीन महिन्यांनी यायचं. ते ती एकदम वाचायची नाही, रोज थोडं वाचायची. आणि जे काम करायला तिला पाठवलं होतं ते झालं नाही. दोन उन्हाळ्यांत एकही माणूस तिच्या धर्मात गेला नाही. वरच्या लोकांना काय कळवायचं, असा तिला प्रश्न पडायचा. मी म्हणायची, "नारू कळवा." ती म्हणायची, "नारू त्यांना नको आहेत, चंद्राबाई."

वेशीबाहेरच्या वस्तीला बारवेवर पाणी भरायची बंदी होती. त्यांनी ओढ्यात डबकं खोदलं होतं, तेच पाणी. मडम तिथं पहिल्यांदा गेली तेव्हा मी बरोबर होते, पण वस्तीच्या तोंडाशी बाभळीखाली उभी राहिले. मी तिथं कधी शिरले नव्हते. शिरायची गरज आहे असंही वाटलं नव्हतं.

गया तिथलीच. तिशीची, उंच, काळी, दातवणानं काळे केलेले दात. वस्तीतले नारू तीच काढायची, तिच्या आईकडून शिकलेली. मडमनं चार पदरी फडक्याचं सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं. ऊन चढलं होतं. गयानं घरात जाऊन तांब्या भरून आणला आणि मडमपुढं धरला.

"घेता का मडमबाई?" ती म्हणाली. "का तुमालाबी चालत न्हाई?"

मडमच्या खांद्याला उकळलेल्या पाण्याची बाटली लटकत होती. तिनं बाटलीकडं पाहिलं नाही. तांब्या घेतला आणि उभ्या उभ्या पूर्ण प्याली. गया बघत राहिली. वस्तीतली एक म्हातारी म्हणाली, "पी की माय, सावकाश पी."

परतताना मी म्हणाले, "तुम्हीच सांगता, गाळल्याशिवाय पिऊ नका. आणि तुम्हीच प्यालात."

ती म्हणाली, "त्या बाईने मला पाण्याबद्दल विचारले नव्हते, चंद्राबाई."

मला कळलं. कळलं नाही असं दाखवून मी पुढं चालू लागले.

वर्ष गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मडम कंधारकडून आली, इथून पुढं देवणीच्या बाजूला जायचं होतं. तंबू चिंचेखाली लागला. तिसऱ्या दिवशी ती लंगडायला लागली. घोट्यावर फोड होता. दोघींनाही कळलं. ती म्हणाली, गयाबाईंना सांगू नका.

गया दुसऱ्याच दिवशी आली, वस्तीत घरोघर फडकी बांधलीत हे सांगायला. पट्टी बघून तिनं विचारलं, "कुठं प्यालता?"

"अनेक ठिकाणी," मडम म्हणाली. तिला खोटं बोलता यायचं नाही. तोंड लाल झालं.

गया खाली बसली, पट्टी सोडली, फोड बघितला, बोटांवर महिने मोजले. "अनेक ठिकानी न्हाई. माझ्या हातचं हाय ते." मग म्हणाली, "मीच पाजलं, मीच काढीन. पाय हिकडं करा."

रोज सकाळी यायची. पायावर गार पाण्याची धार धरायची, नारू जरा सैल झाला की ज्वारीच्या चिपाडावर एक बोट गुंडाळायची, वर फडकं. तेवढ्या वेळात दोघींच्या गप्पा चालायच्या. मडमनं एकदा सांगितलं, तिच्या गावी मोठं तळं आहे, थंडीत ते दगडासारखं गोठतं, माणसं त्यावरून चालत पलीकडे जातात.

गयानं हात थांबवला. "पान्यावर चालतात?"

"हो. मीसुद्धा."

"अन् परवा तुमी सांगितलं, तुमचा येशू पान्यावर चालला, लई मोठी गोष्ट म्हनून."

"हो."

"मग त्यात काय मोठं? तुमच्या गावात समदेच चालून राहिलेत."

नारूला धक्का लागेल म्हणून मडमला हसता येईना. मी कोपऱ्यात नावं लिहीत होते, माझी शाई सांडली.

अकराव्या दिवशी गया आली नाही. पाटलाच्या घरी लग्न होतं, लाकडं फोडायला वेठीवर बोलावलं होतं. तिनं निरोप धाडला होता, आज हात लावू नका, सांजच्याला येते.

हात का लावला, ते इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मडमचा पाय लवकर बरा व्हावा म्हणून लावला असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. गया रोज एक बोट काढायची आणि मडम तिच्याकडं आमच्या बाया देव्हाऱ्याकडं बघतात तसं बघायची. मला वाटलं, वेशीबाहेरच्या बाईला जमतं ते मला का जमू नये. ती एक बोट काढते, मी चार काढून दाखवते. एवढंच कारण होतं. पहिलं बोट निघालं. दुसरं निघालं. तिसऱ्याला तुटला.

दुपार टळेपर्यंत घोटा वांग्यासारखा झाला. मडमचं अंग भाजत होतं. ती म्हणाली, "गयाबाईंना बोलवा." मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पाटलाच्या मागच्या परसात गया लाकडं फोडत होती. मी धापा टाकत सांगितलं. कोणी तोडला हे तिनं विचारलं नाही, माझ्या तोंडाकडं बघून तिला कळलं. कुऱ्हाड ठेवली. पाटलीण आतून ओरडली, "गये, कुठं निघाली? लाकडं कोन फोडंल?" गया थांबली नाही. पुढं सहा महिने तिला त्या घरी ना काम मिळालं ना सणाची भाकरी. हे मला नंतर कळलं, तिच्या तोंडून नाही.

तिला एरंडाची पानं घ्यायची होती, ती तिच्या घरामागं होती. मी तिच्यामागं वस्तीत शिरले. बाभळ मागं राहिली. दोन्ही बाजूंनी माणसं बघत होती. ती पानं खुडत होती आणि मी तिच्या दारात उभी, घसा कोरडा पडलेला, पळून पळून जीभ टाळूला चिकटलेली.

मी म्हणाले, "गयाबाई, पाणी दे."

त्याआधी मी तिला गये म्हणायची. तिनं पानं खाली ठेवली. तांब्याच्या तोंडावर चार पदरी फडकं टाकलं, माठातलं पाणी त्यातून गाळलं आणि माझ्या ओंजळीत वरून धार धरायला हात उंच केला. आमच्याकडची माणसं तिला वरूनच वाढायची, तिला तेच माहीत होतं. मी तांब्या तिच्या हातातून घेतला.

ते पाणी गोड लागलं वगैरे काही नाही. डबक्यातलंच होतं, मातीचा वास होता. मी प्याले, कारण तहान लागली होती. दुसरी कारणं मला नंतर सुचली.

एरंडाची पानं गरम करून दोन दिवस बांधली. ताप उतरेना. लाल रेघ घोट्यावरून पोटरीवर चढली. मिशनचा दवाखाना गाडीनं चार दिवसांवर, आणि वरून ऊन असं की धडधाकट माणूस वाटेत मरावा. तिसऱ्या दिवशी सकाळी मडमनं मला तिची पेटी उघडायला लावली. म्हणाली, आत पू झाला आहे, कापावे लागेल. पाते उकळा.

मी पातं उकळलं आणि गयाबाईपुढं धरलं.

"मी न्हाई कापत," गयाबाई म्हणाली. "माझं काम गुंडाळायचं."

मडमनं माझ्याकडं बोट केलं. "तुम्ही."

"माझा हात कापतो," मी म्हणाले.

"हात कापू द्या. पाते सरळ ठेवा."

"मीच तोडला तो. माझ्याकडून कशाला?"

"म्हणूनच," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही जन्मभर त्याच दुपारी राहाल."

गयाबाईनं पाय मांडीत घट्ट धरला. मडमनं स्वतः शाईनं घोट्यावर रेघ काढून दिली, इथून इथपर्यंत, आणि आपल्या पदराचा, म्हणजे झग्याच्या बाहीचा, बोळा दातात धरला. मी रेघेवरून पातं ओढलं. आधी काहीच आलं नाही. मग सगळं आलं. वास असा की बाहेर बांधलेला बैल फुरफुरला. पू निघाला, त्यात नारूचे तुकडे. गयाबाई एक-एक बघून म्हणायची, "हा एक. हा आनखी एक. शेपूट ऱ्हायली. थांब. हं, ही शेपूट."

मग मी तंबूबाहेर जाऊन ओकले.

चौदा दिवस ताप होता. त्या चौदा दिवसांत गावानं काय केलं तेही सांगते. गाव काही बदललं नाही, पण तंबूच्या दाराशी सकाळी काहीतरी ठेवलेलं असायचं. दुरडीत अंडी. चिंचेचा गोळा. मूठभर तूर, पानात बांधलेली. ठेवणारा दिसायचा नाही. ज्या घरानं ओटा सारवला होता त्या घरातलं ताक एकदा आलं, मडकं मी ओळखलं. आणि रोज पहाटे लोटाभर दूध. आमच्या देवणी गाईचं होतं ते, मला वासावरून कळत नाही का. बाप लंगडत यायचा, लोटा ठेवायचा, जायचा. मी धरलं तर म्हणाला, "तिला सांगू नको मी आनलं म्हनून. उगी परत देवाचं काढंल."

मडमला मी सांगितलं. तिनं देवाचं काढलं नाही. दूध पिऊन लोटा पालथा घातला आणि म्हणाली, "वर कळवायला आता माझ्याकडे काहीतरी आहे." काय कळवलं ते मला माहीत नाही.

पंधराव्या दिवशी ती गयाबाईच्या खांद्यावर हात ठेवून चिंचेला फेरी घालून आली. घोटा कायमचा ताठ राहिला. काठी लागली ती लागलीच. त्या काठीवर ती आणखी तीन उन्हाळे हिंडली. मी नावं लिहिली, गयाबाईनं नारू काढले आणि घरोघर फडकी बांधली. वेशीच्या आतल्या घरांनाही नारू निघाला की गयाबाईलाच बोलवावं लागायचं. ओट्यावर घ्यायचे की नाही हे घरागणिक होतं. ती म्हणायची, "ओट्यावर न्हाई घेतलं तर पाय खाली सोडा. मला काय, मी खालीच बसते."

मग मडम तिच्या देशात गेली. निजामही गेला. बारव पुढं बुजवली, बोअर आले, आणि नारू असा गेला की आता म्हातारी माणसंच पायावरचे डाग दाखवतात. मी दवाखान्यात दाई म्हणून लागले, तीस वर्षं केली. गयाबाई तिच्या लेकाकडं कंधारला गेली. जत्रेला यायची तेव्हा आमच्या ओट्यावर बसायची. पहिल्यांदा बसली तेव्हा बापानं बघितलं आणि आत जाऊन पाणी घेऊन आला.

मडमचं एक पत्र आलं. मराठीत, तिच्या त्या पुस्तकातल्या मराठीत. मी ते गयाबाईला वाचून दाखवलं. "येथे थंडी फार आहे. तळ्याचे पाणी गोठले आहे. काल मी काठी घेऊन त्यावरून चालत गेले. गयाबाईंस कळवावे की यात मोठे काही नाही."

गयाबाई बराच वेळ हसली. मग म्हणाली, "पाय धड राहिला म्हनायचा."

माझं वय झालं. पाणी गाळायची सवय सुटत नाही, आणि सोडायची इच्छाही नाही. त्या वैशाखात चिंचेखालच्या तंबूत आम्ही तिघी होतो. मडम ऐंशीच्या पुढं जाऊन तिच्या अंथरुणात गेली, असं मिशनकडून कळलं. गयाबाई पणतू बघून गेली. मी अजून आहे.